बारा वर्षांच्या मुलाचे प्रश्न

येशूच्या बालपणाविषयी मुलांना काय सांगायचे, ही ख्रिस्ती शिक्षकांची फार जुनी अडचण आहे. कारण सांगण्यासारखे हाताशी फारच थोडे आहे. मार्क आणि योहान ही दोन शुभवर्तमाने थेट प्रौढ येशूपासून सुरू होतात. मत्तय जन्माची हकिकत देतो, पूर्वेकडून आलेले मागी लोक, हेरोदाच्या भीतीने मिसर देशात केलेले पलायन आणि नासरेथला येऊन राहणे, इतके सांगतो. पण या सगळ्यात बाळ कुणाच्या तरी कुशीत असते. ते बोलत नाही, आपणहून काही करत नाही. उरला लूक. तो गोठ्यातला जन्म सांगतो, मेंढपाळ सांगतो, चाळीस दिवसांच्या बाळाला मंदिरात नेल्याचे सांगतो, आणि मग एकदम बारा वर्षे ओलांडून एक प्रसंग सांगतो. त्यापुढे येशू दिसतो तो तिशीच्या घरात. म्हणजे चारही शुभवर्तमाने मिळून चालत्याबोलत्या मुलाचा एकच प्रसंग आपल्या हाती येतो. माझे म्हणणे या एका प्रसंगाविषयी आहे. त्यातला मुलगा प्रश्न विचारणारा आहे, आणि मुलांना येशूचे बालपण शिकवण्याचा इतिहास पाहिला तर हे प्रश्न विचारणेच त्यातून हळूहळू गळून गेले. कुणी ते दुष्टाव्याने काढले नाही. शिकवण्याचा जो साचा निवडला गेला, त्यात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला जागाच नव्हती. साचा बदलला तिथे तो मुलगा पुन्हा डोके वर काढताना दिसतो, आणि याचा एक ठळक पुरावा मराठीत, गोव्याच्या राचोलमध्ये आहे.

प्रसंग असा. वल्हांडणाच्या सणासाठी नासरेथहून यरुशलेमला जायचे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरची पायवाट, तीन-चार दिवसांची. लोक एकेकटे जात नसत. नातलग, शेजारीपाजारी मिळून तांडा निघे. सण आटोपून तांडा परत निघाला, एक दिवसाची वाट सरली, तेव्हा मरिया आणि योसेफ यांच्या लक्षात आले की मुलगा सोबत नाही. दिंडीत पोर पुढच्यांबरोबर असेल असे धरून आईबाप निर्धास्त चालतात, तसेच हे. दोघे माघारी फिरली. तीन दिवसांनी मुलगा सापडला तो मंदिरात, शास्त्री लोकांच्या मधोमध बसलेला. लूकने इथे जे क्रियापद आधी ठेवले आहे ते ऐकण्याचे आहे, त्यामागून प्रश्न विचारण्याचे. उत्तरांचा उल्लेख येतो तो नंतर, ऐकणारे थक्क झाले हे सांगताना. आई रागावून विचारते, तू आमच्याशी असे का वागलास? त्यावर मुलगा जे बोलतो तेही दोन प्रश्नच आहेत: मला शोधत का होता, आणि मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? लूकच्या ग्रंथात येशूच्या तोंडचे हे पहिले शब्द. पुढचे वाक्य मुलांना सांगताना बहुतेक गाळले जाते, ते असे की आईवडिलांना त्याचे बोलणे कळले नाही. मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला; आईने हे सगळे मनात जपून ठेवले.

हे सगळे वल्हांडणाच्या दिवसांत घडते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यहुदी सणांमध्ये वल्हांडण हा मुलाच्या प्रश्नावर उभा असलेला सण आहे. निर्गमच्या बाराव्या अध्यायातच गृहीत धरले आहे की मुले विचारतील, ही कसली सेवा, आणि मग मिसर देशातून सुटल्याची कथा सांगायची. मिश्ना हा यहुदी विधिनियमांचा संग्रह इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात हे आणखी स्पष्ट आहे: जेवणाच्या मध्यावर मुलगा बापाला विचारतो, आजची रात्र वेगळी का, आणि मुलाला विचारण्याइतकी समज नसेल तर बापाने त्याला शिकवायचे. मुलाने विचारल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही. मिश्ना येशूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा तिचा प्रत्येक तपशील त्याच्या काळाला लावता येणार नाही, हे खरे. पण निर्गम त्याहून कितीतरी जुना आहे आणि रिवाजाचे मूळ तिथे आहे. हा रिवाज मराठीलाही परका नाही. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल हे यहुदी लोक तो पाळत आले, आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हागादा या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रू संहितेबरोबर मराठी भाषांतर आहे. तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. घरातल्या धाकट्याने विचारायचे ते प्रश्न या पोथीत मराठीतही वाचता येत होते. ज्या सणाला मुलाने विचारायचे असते, त्याच सणाला गेलेला बारा वर्षांचा मुलगा सण संपल्यावरही विचारतच राहिला, असे लूकचा प्रसंग वाचता येतो.

यावर अभ्यासकांचा एक आक्षेप ठरलेला आहे. थोर पुरुषाच्या चरित्रात बालपणीचा एक चमत्कारिक हुशारीचा प्रसंग घालायची प्राचीन लेखकांची रीतच होती. लूकने तीच पाळली, त्यात विशेष काय? रीत होती हे मान्य. प्लुटार्कचा लहानगा अलेक्झांडर इराणच्या वकिलांना रस्त्यांविषयी आणि राजाविषयी विचारतो. यहुदी इतिहासकार जोसेफस आपल्या आत्मचरित्रात लिहितो की तो चौदा वर्षांचा असताना मुख्य याजक आणि नगरातले प्रमुख लोक नियमशास्त्राचा अचूक अर्थ समजून घ्यायला त्याच्याकडे येत. पण जोसेफस आणि लूक शेजारी ठेवून पाहावेत. काळ जवळपास एकच, शहर तेच, विषय तोच, मुलांचे वयही दोन वर्षांच्या फरकाचे. जोसेफसच्या गोष्टीत म्हातारे विचारतात आणि मुलगा सांगतो. लूकच्या गोष्टीत मुलगा आधी ऐकतो आणि विचारतो. प्रसंग इतिहासात तसाच घडला का, याचा निवाडा कुणी करू शकणार नाही, आणि माझ्या म्हणण्याला तो लागतही नाही. शिक्षकांच्या हाती आलेला मजकूर कोणता होता, एवढेच मी पाहतो आहे.

या मजकुरातली रिकामी वर्षे लोकांना सोसली नाहीत, आणि त्यात नवल नाही. ज्या मुलाला आपण देव मानतो तो सहा वर्षांचा असताना काय करत होता, हे विचारल्याशिवाय कुणाला राहवेल? दुसऱ्या शतकातच थोमाच्या नावाने बालपणाचे एक शुभवर्तमान लोकांत फिरू लागले. त्यातला पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी ओढ्याच्या कडेला मातीच्या बारा चिमण्या करतो आणि टाळी वाजवून त्या उडवून देतो. मातीच्या पाखरात प्राण भरल्याचा उल्लेख पुढे कुराणातही आला. सुतारकामात योसेफने फळी आखूड कापली तर हा मुलगा ती ओढून लांब करतो. पण याच मुलाला धक्का मारणारे पोर मरून पडते. गुरूशी त्याचे वागणे तर पाहण्यासारखे आहे. पंतोजी त्याला पहिले अक्षर शिकवतात, आल्फा. मुलगा म्हणतो, आधी तुम्ही मला आल्फाचा अर्थ सांगा, मग मी तुम्हाला दुसऱ्या अक्षराचा सांगतो. पंतोजींना शरमेने मान खाली घालावी लागते. ही अक्षरांची गोष्ट लियोंचा बिशप इरेनियस याने इ.स. १८० च्या सुमारास पाखंडी लोकांची बनावट म्हणून नोंदवली आहे, त्यावरून तिचा जुनेपणा कळतो. पुढे अरबीत आलेल्या बालपणाच्या शुभवर्तमानात मंदिराचा प्रसंगही वाढवला गेला: तिथे खगोल जाणणारा येतो, वैद्य येतो, आणि बारा वर्षांचा मुलगा त्यांना ग्रहगोलांपासून शरीराच्या घडणीपर्यंत सगळे सांगत सुटतो. जोसेफसचीच ही तऱ्हा झाली. इथे प्रश्न राहिला तो गुरूला नमवण्याचे हत्यार म्हणून, आणि शिकण्यासाठी विचारणारा लूकचा मुलगा या गोष्टींत हरवला.

चर्चने या गोष्टी नाकारल्या, पण लोकांनी त्या सांभाळल्या, अगदी हिंदुस्थानातही. १५९९ साली गोव्याचा आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश याने केरळातल्या उदयंपेरूर इथे सिरियन ख्रिस्ती लोकांची धर्मपरिषद भरवली. तिथे त्यांच्याजवळची जी पुस्तके निषिद्ध ठरली, त्यांत तारकाच्या बालपणाचे पुस्तकही होते. मला या निर्णयाची एक बाजू समजते. खेळगड्याला शाप देऊन मारणारा देव मुलांपुढे ठेवायचा नाही, असे वाटणारा शिक्षक चुकला असे कोण म्हणेल? पण गुरूला अडवणाऱ्या मुलाची धास्ती बसली की गुरूला विचारणारा मुलगाही नकोसा होतो. गोव्यात सोळाव्या शतकात मुलांच्या शिक्षणाचा जो साचा घडला, त्यात ही सावधगिरी दिसते.

त्या शिक्षणाचे नाव दौत्रीन. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्याला उतरला, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत मुलांना आणि गुलामांना गोळा करून दौत्रीन शिकवू लागला. ती पाठ करायची, तीही चालीवर म्हणून. क्रुसाची खूण, परमेश्वराची प्रार्थना, मरियेचा नमस्कार, विश्वासांगीकार, दहा आज्ञा. यातल्या विश्वासांगीकाराकडे जरा थांबून पाहावे. त्यात येशू कुमारी मरियेपासून जन्मतो आणि लगेच पुढच्या पदात पिलाताच्या अमलाखाली दुःख भोगतो. जन्म आणि मरण यांच्यामध्ये एकही शब्द नाही. नासरेथ नाही, सुतारकाम नाही, मंदिर नाही. जे मूल येशूला या सूत्रातून ओळखायला लागते, त्याच्यापुढे येशू कधी मूल असा नसतोच. एक गोठ्यातला तान्हा असतो आणि एक क्रुसावरचा पुरुष. जपमाळेत मात्र हा प्रसंग टिकला. १५६९ मध्ये पोप पायस पाचवा याने जपमाळेची रहस्ये पक्की केली, त्यात आनंदाचे पाचवे रहस्य म्हणजे हरवलेला मुलगा मंदिरात सापडणे. पण नावच पाहा: रहस्य सापडण्याचे आहे, आईच्या आनंदाचे आहे. घरोघर संध्याकाळी जपमाळ म्हणताना मुलांच्या मनावर ठसला तो हरवलेला आणि सापडलेला येशू. तो तिथे करत काय होता, यावर रेंगाळायला दहा नमस्कारांच्या लयीत सवड नसते.

दौत्रिनीचा साचा आणखी स्पष्ट दिसतो तो मार्कुश जोर्ज या जेझुइट संघाच्या पोर्तुगीज पाद्र्याच्या पुस्तकात. मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचलेले हे पुस्तक सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेबरोबर जगभर गेले. त्यात प्रश्न गुरूचा, उत्तर शिष्याचे. तू ख्रिस्ती आहेस का? होय, देवाच्या कृपेने. म्हणजे प्रश्न आहे, पण तो मुलाच्या हातून काढून गुरूच्या हाती दिलेला आहे, आणि मुलाने द्यायचे उत्तरही आधीच छापलेले आहे. याच साच्यावर जेझुइटांनी जपानात जपानी दौत्रीन तयार केली. १५९२ साली ती आमाकुसा इथे छापली गेली. तिथे एक लक्षणीय फेरफार झाला: ठिकठिकाणी भूमिका उलटल्या. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. प्रौढ, विचक्षण माणसांपुढे गुरूने प्रश्न विचारत राहणे शोभणार नाही, आणि त्यांच्या मनातल्या शंका त्यांच्याच तोंडून आल्याशिवाय उत्तरे पटणार नाहीत, हे तिथल्या पाद्र्यांना उमजले असावे, असे मला वाटते. एकाच पुस्तकाची ही दोन रूपे आहेत, आणि प्रश्न कोणाच्या तोंडी घातला यावरून शिकणाऱ्याला काय समजले जाते ते उघड होते.

आता राचोल. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ साष्टीत, म्हणजे राचोलच्याच मुलखात राहिला. त्याची दोन पुस्तके आपल्या कामाची. एक, मार्कुश जोर्जच्या साच्यावर बेतलेली कोंकणी दौत्रीन. ती त्याच्या मरणानंतर १६२२ मध्ये राचोलला छापली गेली, आणि तिच्या शीर्षकातच मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचली असे म्हटले आहे. दुसरे, मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण, १६१६ चे, रोमन लिपीत छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. दुसऱ्या ग्रंथाचा आरंभ ध्यानात घेण्यासारखा आहे. रविवारचा दिवस, साष्टीतले चर्च, मुलांना दौत्रीन शिकवणे चाललेले. आणि तिथे एक ब्राह्मण उठून पाद्रीगुरूला विचारतो. दौत्रीन चांगली आहे, पण आम्हाला आमच्या पूर्वजांच्या पुराणांसारखे काही वाचायला-ऐकायला नाही. तसे काही का करत नाही? स्टीफन्सचे हजारो ओव्यांचे पुराण हे या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून सुरू होते. तेही अगदी दौत्रिनीच्या वर्गात.

मला हा योगायोग वाटत नाही. स्टीफन्सने पुराणाचा घाट पत्करला आणि त्या घाटाबरोबर विचारणारा माणूस आपसूक आत आला. पुराण विचारल्याखेरीज सुरू होतच नाही. परीक्षिताने विचारले म्हणून शुकाने भागवत सांगितले, जनमेजयाने विचारले म्हणून वैशंपायनाने भारत सांगितले. मराठी श्रोत्याला तर हे अंगवळणी पडलेले. कीर्तनकार किंवा पुराणिक बोलता बोलता श्रोत्याची शंका आपणच मांडतो आणि मग तिचे निरसन करतो. एकच लेखक, एकच गाव, दोन साचे. दौत्रिनीच्या साच्यात शिष्य पाठ केलेले सांगतो. पुराणाच्या साच्यात श्रोता विचारतो आणि त्याच्या विचारण्यावर ग्रंथ उभा राहतो. शिवाय पुराणात विश्वासांगीकाराची उडी मारता येत नाही. ज्यांनी कृष्णाचा जन्म, पूतना, लोणी, कालिया, सांदीपनींकडचे शिक्षण असे सगळे बालपण ऐकले आहे, ते श्रोते तान्ह्या बाळावरून एकदम क्रुसावर येऊ देणार नाहीत. म्हणून ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागात जन्म, मागींची भेट, मिसर देशाची वाट, यरुशलेमच्या मंदिरातला मुलगा, हे सारे ओवीच्या संथ चालीने येते. या पुराणाच्या आवृत्त्या १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. चर्चमध्ये ते वाचले-गायले जाई. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराण त्यानंतर छापले गेले ते थेट १९०७ मध्ये, मंगळूरला. तिथे स्थलांतरित ख्रिस्ती कुटुंबांनी ते हस्तलिखितांतून जपले होते.

इथे एक गंभीर आक्षेप पुढे ठेवणे भाग आहे. ज्या साष्टीत हा ब्राह्मण प्रश्न विचारतो, तिथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. आई-बाप, आजी-आजोबा नसलेली हिंदू मुले १५५९ च्या कायद्याने जेझुइटांच्या सांत पावलू कॉलेजच्या ताब्यात देऊन ख्रिस्ती म्हणून वाढवली जात होती. पूर्वजांच्या पोथ्या हिसकावून घेतल्या म्हणूनच तर नवे पुराण मागावे लागले. मग अशा ठिकाणी मुलांच्या प्रश्नाची वाखाणणी कशाला? आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांचे सौंदर्य पुढे करणे मला पटत नाही. पण तोच आक्षेप माझ्या म्हणण्याला बळ देतो. सक्तीच्या शिक्षणाला प्रश्न नको असतो, कारण पहिला प्रश्न सक्तीविषयीच असणार. दौत्रिनीचा बंद साचा त्या व्यवस्थेला सोयीचा होता. पुराणाच्या पहिल्याच प्रसंगात जो माणूस उठतो तो नम्रपणे का होईना आपले काय हरवले ते बोलून दाखवतो, आणि ते छापले जाते. धर्माधिकाऱ्यांची संमती असलेल्या सतराव्या शतकाच्या पुस्तकात ही खंत वाचायला मिळते ती पुराणाच्या घाटाने विचारणाऱ्याला जागा ठेवली म्हणून.

एकोणिसाव्या शतकात साचा प्रोटेस्टंट झाला, पण मुलगा तसाच आज्ञाधारक राहिला. आयर्लंडच्या सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या बाईंनी १८४८ मध्ये लहान मुलांसाठी गीतांचे पुस्तक काढले. त्यातल्या काही गीतांची योजना विश्वासांगीकाराच्या एकेका पदाला अनुसरून केलेली. म्हणजे जन्म आणि मरण यांच्यामधली जी जागा विश्वासांगीकाराने रिकामी सोडली होती, ती बाईंनी जन्माच्या गीतातच भरून काढली. पण भरली कशाने, तर आईच्या आज्ञेत राहणाऱ्या गुणी, सौम्य मुलाने, मुलांनी कित्ता गिरवावा अशा. नाताळला हे गीत आजही जगभर गायले जाते. दोनच वर्षांनी, १८५० मध्ये, जॉन मिले या चित्रकाराने योसेफच्या कारखान्यात हाताला खिळा लागलेला लहानगा येशू लाकडाच्या भुशात उभा दाखवला, तेव्हा चार्ल्स डिकन्सने त्या चित्रावर कडक टीका केली. पण याच डिकन्सने १८४६ ते १८४९ या काळात केवळ आपल्या मुलांसाठी येशूचे चरित्र लिहिले होते, जे १९३४ पर्यंत छापले गेले नाही, आणि त्यात मंदिराच्या प्रसंगी मुलाच्या प्रश्नांचा उल्लेख त्याने ठेवला आहे. घरच्या मुलांशी बोलताना बापाच्या हातून प्रश्न सुटले नाहीत, सार्वजनिक गीतातून ते सुटले, हा फरक मला बोलका वाटतो. महाराष्ट्रातही मिशन शाळांतून प्रश्नोत्तरावली पाठ करवली जाई, आणि प्रश्न अर्थात पंतोजींचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ख्रिस्तायन मात्र पुन्हा आख्यानाच्याच वाटेने गेले, स्टीफन्सनंतर तीन शतकांनी.

राहिला सर्वांत सरळ आक्षेप. लूकनेच तर सांगितले आहे की मुलगा आज्ञेत राहिला. मग शिक्षकांनी तेच सांगितले तर बिघडले कुठे? बिघडले क्रमात. लूकमध्ये आज्ञाधारकपणा येतो तो प्रश्न विचारून झाल्यावर, आणि प्रश्न मागे न घेता. तो क्षमा मागत नाही. आईवडिलांना त्याचे म्हणणे कळलेले नसते, तरी तो त्यांच्याबरोबर डोंगर उतरून घरी जातो. न कळलेला प्रश्न आणि एकत्र चालणे ही दोन्ही एका वेळी नांदू शकतात, असे ते दृश्य आहे. यातला प्रश्न काढून टाकला की मागे उरतो तो कुठल्याही घरातल्या कुठल्याही निमूट मुलाचा आज्ञाधारकपणा, ज्यासाठी लूकला हा प्रसंग लिहायची गरजच नव्हती. दुसरे कुणी म्हणेल, पाच-सहा वर्षांच्या पोरांना शास्त्री आणि चर्चा काय कळणार, त्यांना गोठा आणि मेंढरे बरी. त्यांना गोठा जरूर दाखवावा. फ्रान्सिस असिसीकरने १२२३ मध्ये ग्रेच्चो इथे बैल आणि गाढव आणून तो उभा केला, तेव्हापासून मोठी माणसेही त्याच्यापुढे लहान झाली आहेत. पण हरवलेल्या मुलाची गोष्ट पाच वर्षांच्या पोराला मोठ्यांपेक्षा जास्त कळते. जत्रेत आईचा हात सुटण्याची भीती त्याच्या ओळखीची असते, आणि 'का' हा शब्द तर त्याच्या तोंडात दिवसभर असतो.

आणि हे सारे शब्दांतच शोधायला हवे असेही नाही. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंताच्या बाल मेंढपाळाच्या मूर्ती घडवल्या, त्या पोर्तुगालला गेल्या आणि आज त्यातल्या काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ही आकृती कोणत्याही शुभवर्तमानात नाही. ती युरोपीय मूळ कल्पनेवर इथल्या हातांनी रचलेली आहे. टप्प्याटप्प्यांचा एक डोंगर, त्यावर चरणारी मेंढरे, मधून झरा, तळाशी गुहेत आडवी होऊन पुस्तक वाचणारी मग्दालिया मरिया. डोंगराच्या माथ्यावर एक मूल बसले आहे. लोकरीचा अंगरखा, कमरेला दोरी, खांद्यावर एक कोकरू, मांडीवर दुसरे. एक पाय दुसऱ्यावर टाकलेला आहे, एक हात कोकरावर आहे, दुसऱ्या हाताच्या बोटांवर गाल टेकलेला आहे आणि डोळे मिटलेले. ते झोपले आहे की विचारात पडले आहे, हे कारागिराने पाहणाऱ्यावर सोडले आहे. गाल टेकवून बसण्याची ही ढब पूर्वेकडच्या ध्यानस्थ मूर्तींची आठवण देते, असे अभ्यासक सांगतात. राचोलच्या मुलांना दौत्रीन पाठ करवली जात होती त्याच शतकात, त्याच किनाऱ्यावर कुणीतरी पटाशीने हे मूल कोरत होते, त्याचे ओठ मिटलेले ठेवत, कोकराचा एक एक कुरळा केस सोडवत.